ब्रीशाची पकड

मॅन बेटावरच्या आमच्या शाळेत ब्रीशा फॅरगर आणि मी अकरा वर्षं एकाच चुलीपाशी राबलो. दीडशे पोरांचं जेवण, वर तेवढीच भांडी. पण बेटावर तिला ओळखत ते वेगळ्या कारणानं. तिचा नवरा इलियम मोटारसायकलला जोडलेल्या साइडकारच्या शर्यतीत उतरायचा आणि ब्रीशा त्याची जोडीदार. तो गाडी हाणायचा. ही बाजूच्या उघड्या फळीवर गुडघे टेकून असायची. डावं वळण आलं की अंग बाहेर झोकून द्यायचं, डांबर कानाजवळून सरकत असतं. उजवं आलं की झटकन इलियमच्या पाठीमागे लोळायचं. पट्टा नाही, दोरी नाही. फळीला बसवलेल्या दोन मुठी, त्या धरलेले दोन हात, बस्स.

एका वर्षी शर्यतीला आठ दिवस असताना सामानाची तपासणी झाली. तपासायला म्हातारा क्रेगीन होता. त्यानं ब्रीशाचे जुने हातमोजे उलटे केले, तळव्याच्या उसवलेल्या शिवणीत बोट घातलं आणि मोजे परत तिच्याच हातात दिले.

"हे घालून बाग खण, बाई. फळीवर चढायचं नाही."

"अहो, शिवून घेते ना!"

"शिवलेला मोजा पहिल्याच घासण्यात सालपटासारखा निघतो. नवे घे."

नवे आले. जाड गाईचं चामडं, बोटांवर कडक कवच. घातले की पंजा लाकडी. मूठ आवळायला गेली तर बोटं अर्ध्यावर अडायची.

"आठ दिवसांत कसे मऊ व्हायचे गं?" ती मला म्हणाली. हसत होती, पण ओठ कोरडे पडले होते.

इलियमला मात्र कशाची घाई नसते. "पुष्कळ वेळ आहे," हे त्याचं कायमचं उत्तर. तो मोज्यांचं एकेक बोट मांडीवर धरून मागेपुढे वाकवत बसायचा. क्रेगीननं सल्ला दिला, की आतून कोमट पाण्याचा हात फिरव, घाल आणि हातावरच वाळू दे. शेगडीजवळ ठेवशील तर पापड होईल. ब्रीशानं तेही केलं. मेण चोळलं. मोजे घालून घरची मोटार चालवली, दोरीवर कपडे वाळत घातले, शाळा सुटल्यावर आमच्या स्वयंपाकघरात झाडूचा दांडा आवळत फेऱ्या मारल्या.

"वेडी दिसतेस," मी म्हणाले.

"दिसू दे. ताशी एकशे तीस मैलांवर हात सुटला तर त्याहून वाईट दिसेन."

 असलं ती एरवी कधी बोलत नसे.

रोज विचारलं की म्हणायची, "अजून कडक आहेत." चौथ्या दिवशीही तेच, पाचव्या दिवशीही तेच. सहाव्या दिवशी सकाळी ती उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं उतरवत होती आणि ते सुटलं. बटाटे सगळीकडे, वाफ, आरडाओरडा. मी धावले.

"भाजलं का?"

"नाही. ओलं होतं गं पातेलं." ती खाली बसून बटाटे वेचायला लागली, आणि एकदाही मान वर केली नाही. पातेल्याचे कान कोरडे होते. मोजे तिच्या पिशवीत, खुंटीला. तरी मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं अजून वाटतं.

त्याच संध्याकाळी रहदारी बंद करून शर्यतीच्याच रस्त्यांवर सराव होता. मी इतर बायकांबरोबर गाड्या परत येतात तिथे उभी होते. फॅरगरांची गाडी दुसऱ्या फेरीनंतर आत आली. वेळेआधी. इलियमनं शिरस्त्राण काढलं. चेहरा पांढराफटक.

"चर्चच्या वळणावर गाडी बाहेर का फेकली गेली? तू बाहेर झुकलीच नाहीस!"

"झुकले होते. आत यावं लागलं."

"मोजे अजून कडक आहेत, दुसरं काय! वरून पट्टी गुंडाळू, मुठीही जाड करू, अजून वेळ आहे..."

ब्रीशानं मोजे काढून त्याच्या हातात दिले. "वाकव."

त्यानं वाकवले. बोटं फडक्यासारखी दुमडली.

मग तिनं उजवा हात पुढे केला. "आता हा वाकव."

इलियमनं तिची अनामिका धरली आणि हळूच दाबली. अर्ध्यावर अडली. सांधा सुपारीएवढा फुगलेला. करंगळीचंही तेच.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"हिवाळ्यापासून! आणि सहा दिवस मी मूर्खासारखं चामडं चोळतोय? ब्रीशा, तू पडली असतीस! मी मागे वळूनसुद्धा बघू शकलो नसतो!"

"मला वाटलं, मोज्यांमुळेच होतंय." ती थांबली. "म्हणजे, तसं असावं असं वाटत होतं. वळणावर बोटं एकेक करून उघडली रे. मी त्यांना सांगत होते, धरा, धरा. त्यांनी ऐकलंच नाही."

इलियम तिथेच टायरवर बसला. शिव्या द्यायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण आला नुसता हुंदका. थोड्या वेळानं उठून तो स्वतःच क्रेगीनकडे गेला आणि यादीतून आमचं नाव काढा म्हणाला. क्रेगीननं कारण विचारलं नाही.

डॉक्टरनं संधिवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली, शाळेतलं काम जमू लागलं. जड पातेली मी उचलते. फळी मात्र संपली. पुढच्या वर्षी इलियमनं पील गावचा एक मासेमार तरुण जोडीदार म्हणून घेतला. ब्रीशानंच त्याला कुठे झुकायचं, कधी आत यायचं ते महिनाभर शिकवलं.

त्या शर्यतीला ती माझ्याशेजारी दगडी कुंपणाला टेकून उभी होती. गाडी समोरून सणसणत गेली, की फेरी मारून परत येईपर्यंत पुढची वीस मिनिटं काहीच कळायचं नाही. मी थर्मासमधला चहा पुढे केला, तिनं घेतला नाही.

"फळीवर असताना एवढी भीती नाही वाटली कधी," ती म्हणाली. "तिथे निदान पुढचं वळण दिसायचं."

गाडी आली. दोघंही गाडीवर होते. ब्रीशानं श्वास सोडला आणि पुन्हा घड्याळाकडे बघितलं. अजून एक फेरी बाकी होती.