म्हैसूरहून आणलेला प्रश्न

पहाटे गाडी म्हैसूरजवळ आली तेव्हा खिडकीबाहेर धडसं काहीच दिसेना. धुकं, धुक्यात तरंगणारे नारळाचे शेंडे, मधूनच एखादं तळं. वाटलं, मी अजून झोपेतच आहे. जालन्याहून निघताना मनाशी एकच धरलं होतं, नातीला, कृपाला, पुन्हा चर्चमध्ये नेऊन बसवायचं. ती म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या कंपनीत नोकरी करते, पण वर्ष झालं, रविवारी घरीच असते.

दार उघडलं कृपाच्या मैत्रिणीने, ताराने. दोघी मिळून भाड्याने राहतात. ताराचे वाडवडील म्हैसूरच्या फौजेत आले नि इथलेच झाले. मराठी बोलते, पण वर कानडी शिंपडून.

"या अज्जी (आजी), कृपा न्हातीय. इडली बिसिबिसि (गरम गरम) आहे."

"एवढ्या मला?"

"स्वल्प (थोडं) खा तर, मग भांडा."

मी प्रार्थनेला डोळे मिटले, तर ही पोरगी हातातलं भांडं न वाजवता उभी राहिली. इडली काय मऊ होती म्हणून सांगू.

रविवारी पांढरं पातळ नेसले. कृपा निमूट रिक्षात बसली. झाडांच्या गर्दीत चर्च. आतून गाणं येत होतं, शब्द कानडी, चाल मात्र आमचीच. माझे पाय आपोआप चालू लागले. कृपा पायरीवरच बसली.

"तू जा आजी."

"कोणी बोललं का तुला काही?"

"नाही गं, सगळे गोड आहेत." मग म्हणाली, "मी तापाने पडले होते ना, ताराने उशाशी बसून पेज भरवली. बरी झाल्यावर इथे तरुणांच्या वर्गात विचारलं, तारा येशूला मानत नाही, मग मेल्यावर तिचं काय होणार?"

"मग?"

"मग काय. सगळ्यांनी डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली. पुढच्या रविवारीही. नाव घेऊन. उत्तर कोणीच दिलं नाही."

माझा हात तिच्या डोक्यावर गेलाच होता, ओठांवर 'हे प्रभू' आलंही होतं.

"आजी, तूसुद्धा?"

हात मागे घेतला. म्हटलं, "मला उत्तर येत नाही, बाळा."

"एवढं तरी कोणी म्हणायचं होतं," असं म्हणून ती माझ्या खांद्याला टेकली. आत गाणं चालू राहिलं, धुक्यातून ऊन झिरपत आलं. मीही आत गेले नाही.

परतताना गाडीत हेच मनात घोळत होतं. पोरं लांब गेली, असं आपण म्हणतो. ही तर पायरीपर्यंत आली होती.

जालन्याला आमच्या चर्चच्या महिलामंडळात पाळकांच्या बाईंनी विचारलंच, "नात जाते का चर्चला?" मी सगळं सांगितलं. बायका हळहळल्या, डोळे मिटू लागल्या.

"थांबा," म्हटलं, "डोळे उघडे ठेवा. आधी सांगा, ताराचं काय?"

कोणी पदर सारखा केला, कोणी बायबल चाळायला घेतलं. एरवी अशा वेळी मी चहा ठेवायला उठते. त्या दिवशी बसून राहिले.