पाचवी सीडी

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं लोटली होती, तरी आमच्याकडे येणाऱ्या छापील फॉर्मांवर जुनेच तालुके होते. आधी ते पेनाने खोडायचे, मग फॉर्म भरायचा. माझ्या पहिल्या नोकरीतलं हे पहिलं काम. भंडाऱ्यात एका पितळी भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांचं खासगी ऑफिस होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या काही गावांतल्या घरांची नोंद करून द्यायचं काम आमच्या साहेबांनी घेतलं होतं. घरोघरी जायचं, फॉर्म भरायचा, घराच्या दारात सगळ्या कुटुंबाला उभं करून एक फोटो काढायचा आणि ते सगळं कम्प्युटरमध्ये चढवायचं. कागदी फॉर्म लगेच पुढे पाठवले जात, त्यामुळे आमच्याकडे उरायचं ते फक्त कम्प्युटरमधलं.

ऑफिसात आम्ही तिघं. साहेब, जे बहुतेक नागपुरात असत. एक निवृत्त तलाठी, ज्यांना मी काका म्हणायची. आणि मी, आसगावची, घरातली पहिली पगारदार मुलगी. कम्प्युटरची परीक्षा पास झाले होते म्हणून कम्प्युटर माझ्या ताब्यात होता, आणि तो बंद पडला तर दोषही माझ्याच ताब्यात येणार होता. काका त्याला ‘तुहा टीव्ही’ म्हणत.

“पोरी, हा तुहा टीव्ही उद्या बंद पडला त यातली मानसं कोठी जातीन?” त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“काका, बॅकअप आहे ना.”

“थे काय असते?”

“दुसरी नक्कल. वेगळी काढून ठेवलेली.”

“मंग सरळ नक्कल म्हण ना! बॅकअप-बॅकअप काहून करून राहिली?”

तेव्हापासून आमच्या ऑफिसात नक्कल हाच शब्द रुळला. दर शनिवारी दुपारी नक्कल काढायची. सुरुवातीला ती फ्लॉप्यांवर निघे. एका फ्लॉपीत फोटो मावायचे दोन, फार तर तीन, म्हणून सगळा डेटा तुकडे करून वीस-बावीस फ्लॉप्यांवर चढवायचा. मशीन म्हणे, पुढची टाका, मी टाकायची. मशीन म्हणे, पुढची टाका. काका शेजारी बसून मोजत. एकदा एकोणिसावी खराब निघाली आणि आधीच्या अठराही फुकट गेल्या, कारण एक तुकडा गेला की बाकीचे उघडत नसत. त्या दिवशी काकांनी मला खाली नेऊन रसवंतीत बसवलं. उसाच्या रसाचे दोन ग्लास पाजल्यावरच मी बोलायला लागले.

घरांचे फोटो शेकड्यांत गेल्यावर साहेब मला नागपूरला एका दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने टेप दाखवली, पण तिचं मशीन वेगळं घ्यावं लागणार होतं आणि ते बिघडलं तर भंडाऱ्यात दुरुस्त करणारं कोणी नव्हतं. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क दाखवली. तिचा भाव ऐकून साहेबांनी चष्मा पुसला. शेवटी सीडी राइटर घेतला. “सीडी म्हणजे दगडावरची रेघ समजा,” दुकानदार म्हणाला. मला ते पटलं. चकचकीत वस्तूवर माझा पटकन विश्वास बसतो.

गावाला एक अशा पाच सीड्यांत सगळं काम मावलं. मी खूश होते. सीडी लिहून झाली की तपासून पाहू का, असं प्रोग्रॅम विचारायचा. तपासायला लिहिण्याइतकाच वेळ लागे आणि शनिवारी मला आसगावची बस पकडायची असे, म्हणून मी त्या प्रश्नापुढची बरोबरची खूण काढून टाकली होती. ट्रे बाहेर आला म्हणजे नक्कल झाली, असं मी धरून चालले होते.

मे महिन्यात त्या राइटरचा ट्रे अडकायला लागला. टाचणीने उघडावा लागे. आमचा मेकॅनिक, चाळिशीचा, मोपेडवर सगळं दुकान घेऊन फिरणारा माणूस, त्याने जुना राइटर बदल्यात घेऊन नवा बसवून दिला. त्याच आठवड्यात वैशाख पौर्णिमा आली. मी गावी गेले, विहारात खीर वाटली, आणि शनिवारची नक्कल राहिली. त्या आठवड्यात नवं घरही चढलं नव्हतं; एका आठवड्याने काय होतं, म्हटलं.

मंगळवारी परत येऊन कम्प्युटर सुरू केला तर आतून आवाज आला. कट्... कट्... कट्. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ. मी केबल काढून लावली, वीज बंद करून पुन्हा सुरू केली, डबा उघडून फुंकर मारली. मेकॅनिक आला. त्याने हार्ड डिस्क दुसऱ्या केबलला लावली, दुसऱ्या मशीनला लावली, कानाशी धरून ऐकली आणि हळूच टेबलावर ठेवली.

“डिस्क गेली ताई. व्होल्टेजनं गेली का गरमीनं, आता काय सांगू?”

“सीड्या आहेत माझ्याकडे,” मी ऐटीत म्हटलं.

पहिली सीडी नव्या ड्राइव्हमध्ये घातली. ती फिरली, थांबली, पुन्हा फिरली, आणि मशीनने विचारलं, कृपया डिस्क टाका. दुसरी घातली, तेच. पाचही तशाच. मऊ कापडाने आतून बाहेर पुसल्या, समोरच्या सायबर कॅफेत जाऊन तिथल्या दोन मशीनांत घालून पाहिल्या. कुणालाच त्या दिसत नव्हत्या. सगळ्या घरांची फोटोंसकट यादी शुक्रवारी द्यायची होती. बाहेर लू चालली होती, उन्हाळ्यातला तो अंग भाजणारा वारा, आणि मी डोक्याला काही न बांधताच परत माडीवर आले.

मेकॅनिकने सीडी उजेडात धरून तिरपी केली. “तुमच्या जुन्या राइटरची सुई जराशी सरकली असन. वाकडं लिहे आणि आपलं वाकडं आपणच वाचे. डॉक्टरच्या चिठ्ठीवानी.”

“म्हणजे मी तपासलं असतं तरी...”

“त्याच मशीनवर तपासलं असतं त बरोबरच दिसलं असतं. दुसऱ्या मशीनवर पाहाले पायजे होतं.”

“तो राइटर कुठे आहे आता?”

त्याने डोकं खाजवलं. ट्रे दुरुस्त करून त्याने तो पवनीच्या एका फोटोवाल्याला देऊन टाकला होता.

बुधवारी सकाळच्या एसटीने मी आणि काका पवनीला निघालो. मेकॅनिकने एक रिकामी हार्ड डिस्क दिली होती, ती माझ्या पर्समध्ये. सीड्या काकांच्या स्टीलच्या डब्यात, ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेल्या डब्यात. लू लागू नये म्हणून उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवायची काकांची सवय होती. बसमध्ये बसल्यावर त्यांनी तो खिशातून काढून डब्यावर ठेवला.

“यायलेही लू नोको लागाले,” म्हणाले. मी दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

फोटोवाल्याचं दुकान बाजारातल्या गल्लीत होतं. लग्नसराई होती, त्यामुळे टेबलावर नवरा-नवरींच्या फोटोंचे ढीग. आमचं सगळं ऐकून तो म्हणाला, “आज दोन अल्बम द्याचे आहेत जी. परवा या.”

“परवा आलो तर माझी नोकरी जाईल,” मी म्हणाले.

काका शांतपणे बाकावर बसले. “तू कोणाचा?” त्यांनी विचारलं. त्याने वडिलांचं नाव सांगितलं. “हं. तुह्या बापाच्या वावराचा फेरफार मीच घेतला. तई त्यानं मले अंबाडीची भाजी खाऊ घातली होती. तिखट! अजून आठवते.”

फोटोवाल्याने पडद्यावरच्या नवरीचा चेहरा अर्धवट गोरा करून तसाच सोडला आणि उठला.

जुना राइटर त्याच्या मशीनमध्ये होता. आमची हार्ड डिस्क जोडली, पहिली सीडी आत सरकवली. फिरली. गुरगुरली. मग पडद्यावर एकेक नाव उतरायला लागलं, आणि काकांनी माझ्या पाठीवर असा हात मारला की मी टेबलावर आदळले.

चार सीड्या दुपारपर्यंत उतरल्या. फोटोवाला मध्ये मध्ये एखादा फोटो उघडून पाही. एका फोटोशी तो थांबला. “अरे, हे त माह्या मामाचं घर! मामीनं डोक्यावरून पदर काहून घेतला एवढा?” मग त्याने आमच्यासाठी चहा मागवला आणि पुढचे फोटो तोच आम्हाला दाखवायला लागला.

पाचवी मात्र अर्ध्यात अडली. वेग कमी करून पाहिला, मशीन थंड होऊ दिलं, सीडी पुसली, पुन्हा घातली. एका गावाच्या शेवटच्या गल्लीतली एक्केचाळीस घरं आलीच नाहीत. “ही माह्याजवळ राहू द्या,” तो म्हणाला. “फुरसतीनं लावून पाहतो.”

बाहेरच्या बूथवरून मी साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं, खूण काढून टाकली होती तेही आणि शनिवार चुकवला तेही. ते भरपूर रागावले. मग म्हणाले, “एक्केचाळीसच आहेत ना? परत जा. परत काढा.”

गुरुवारी सकाळी सातलाच आम्ही त्या गावात. मला वाटलं होतं, लोक चिडतील. पण मागच्या वेळी आम्ही अचानक उगवलो होतो आणि पुष्कळांचे फोटो उघड्या अंगाने, शेणाच्या हाताने निघाले होते. यावेळी बातमी गल्लीभर आमच्या आधी पोचली. बाया नवी लुगडी नेसून दारात. एका आजीने शेळी कडेला उभी केली.

“आजी, फोटो माणसांचा आहे.”

“मंग इले काय म्हणू, तू कोणी नाहीस?”

शेळीसकट फोटो काढला.

गल्लीच्या टोकाला घर नव्हतं. जोतं होतं, आणि त्यावर एक माणूस सागाच्या फाट्यांवर दोर आवळत होता. त्याने घर उतरवून लाकूड नव्या जागी न्यायला घेतलं होतं.

“भाऊ, पुन्हा फोटो काढायचा आहे,” मी म्हणाले.

“कायचा काढता आता? मांगं काढला ना तुम्ही. त्यात घर होतं पूरं. माय ओट्यावर बसली होती.” त्याने कपाळ पुसलं. “माय गेली जी, होळीच्या सुमाराले. तुमाले म्हणणारच होतो, त्या फोटोची एक कापी द्या. तिचा दुसरा फोटोच नाही माह्यापाशी.”

काका माझ्याकडे बघत होते. काहीतरी गोलमोल सांगता आलं असतं.

“भाऊ, तो फोटो माझ्या हातून गेला,” मी म्हणाले. “मशीन बिघडलं आणि नक्कल मी नीट तपासली नव्हती.”

“गेला म्हंजे?”

“एका सीडीत अडकला आहे. निघेल की नाही, माहीत नाही.”

त्याने हातातली गाठ आवळून पुरी केली. मग म्हणाला, “पाहा जमलं त,” आणि आम्हाला पाणी द्यायला बायकोला हाक मारली. फोटोसाठी ती दोघं मोकळ्या जोत्यावर उभी राहिली, जिथे दार होतं बरोबर तिथे. मी कॅमेरा काकांच्या हातात दिला. तो फोटो काकांनी काढला. आयुष्यातला त्यांचा पहिला, आणि त्यांचं बोट कोपऱ्यात आलं.

शुक्रवारी यादी गेली. नोकरी राहिली.

त्यानंतर मी दर दोन दिवसांनी फोटोवाल्याला फोन करायची. तो वैतागला नाही. लग्नं आटोपल्यावर रोज पहिल्या चहाला ती सीडी घालायचा, एकेक फाइल वेगळी उचलून पाहायचा. कधी एक निघे, कधी काहीच नाही. पावसाळा लागल्यावर, आखाडीच्या सणाच्या सुमाराला, त्याचाच फोन आला. “ओटा असलेला निघाला. पण आर्धाच आहे जी.”

मी आणि काका पवनीला गेलो. फोटो वरून खाली उघडत आला होता आणि मध्येच तुटला होता. वर छपराचे कवेलू, दाराची चौकट, उभ्या असलेल्या त्या माणसाचं डोकं आणि छाती, ओट्यावर बसलेल्या म्हातारीचा चेहरा, गळ्यातली पोत, खांदे. त्याखाली सगळं राखाडी. फोटोवाल्याने राखाडी भाग कापला, म्हातारीचा चेहरा मोठा केला. गोरा करू का, म्हणून त्याने सवयीने विचारलं. मी नको म्हणाले, तसाच छापून घेतला.

नव्या वसाहतीत त्या माणसाचं घर अजून विटांवर होतं. त्याने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “कान आले तिचे,” म्हणाला. मग बायकोला दाखवायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. काका आणि मी विटांच्या थप्पीवर बसून राहिलो. आतून आधी रडण्याचा आणि मग कसल्याशा गोष्टीवर हसण्याचा आवाज आला. आम्ही न सांगताच निघालो.

साहेबांनी त्या वर्षी बाहेरून जोडायच्या दोन हार्ड डिस्क घेतल्या, चष्मा न पुसता. एक ऑफिसात असे, दुसरी काकांच्या घरी पत्र्याच्या पेटीत, आणि दर शनिवारी त्यांची अदलाबदल व्हायची. महिन्याच्या शेवटी मी समोरच्या कॅफेत जाऊन तिथल्या मशीनवर कुठलीही दहा घरं उघडून बघायची. काका बरोबर येत आणि गाव ते निवडत.

पुढे ते काम संपलं, मी एका शाळेच्या ऑफिसात लागले, आता तिथेही वीस वर्षं होत आली आहेत. मधल्या काळात पेन ड्राइव्ह आले. त्यातला एक तर असा, की लिहिलेल्या आकड्याच्या चौथाई भरला की पुढचं गुपचूप गिळायचा. तो मी पहिल्याच चाचणीत परत केला. परवा मी शाळेची नक्कल तपासत होते, तर आमच्या नव्या क्लार्क बाई म्हणाल्या, “मॅडम, आता कायले एवढा त्रास घेता? सगळं आपोआप वर जाऊन राहिलं, इंटरनेटवर.”

“छान,” मी म्हणाले. “मागच्या वर्षीचा सातवी ‘ब’चा ग्रुप फोटो तुमच्या मोबाइलवर उघडून दाखवा.”

त्या पंधरा मिनिटं शोधत होत्या. मी तोवर चहा सांगितला.