थंडीने काढलेलं पान

भाऊ नॉर्वेच्या पार उत्तरेला, एका बंदराच्या गावी नोकरीला असतो. भावजयीच्या बाळंतपणासाठी मागच्या हिवाळ्यात मी तिकडे गेले. डिचोलीच्या शाळेत मी चित्रकला शिकवते, त्यामुळे सामानात जाड कागदांची वही आणि जलरंगांची डबी होतीच. रोज एक तरी पान रंगवायचं आणि परतल्यावर बाबांना सगळा प्रवास दाखवायचा, असं ठरवलं होतं.

सुरुवातीची पानं साधीच होती. आमच्या खाणींच्या धुळीसारख्या लाल रंगाची लाकडी घरं, मांडवावर सुकत टांगलेले मासे, नव्या भाचीची मूठ.

एका सकाळी समुद्रातून वाफा निघताना दिसल्या. मी दर सुट्टीत मोरजीचा समुद्र पाहत वाढलेली. समुद्र असा चुलीवर ठेवल्यासारखा दिसेल हे कधी मनातही आलं नव्हतं. धक्क्यावर बसले, पानभर निळं पाणी फिरवलं आणि पलीकडचा डोंगर पाहायला मान वर केली. खाली बघते तो निळ्यातून काटे फुटत होते. काट्यांना पानं, पानांना आणखी बारीक पानं. माझ्या डोळ्यांदेखत कागदावर नेच्याचं रान वाढत होतं. कुंचला हातातच राहिला. श्वाससुद्धा मी तोंड वळवून सोडला.

वही तशीच आडवी धरून घरी आले. भाऊ दारातूनच ओरडला, "आत आणू नको! बर्फ वितळेल. इथे कपडेसुद्धा बाहेर गोठून मगच वाळतात."

वही बाहेर पडवीतच ठेवली. दुसऱ्या दिवशी बर्फ न वितळताच वाफ होऊन उडून गेला होता, आणि निळी नक्षी कागदावर जशीच्या तशी उरली होती.

डिचोलीला परतल्यावर वही बाबांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी उभं आयुष्य खनिजाचा ट्रक चालवला. ते भराभर पानं उलटत गेले, नातीच्या मुठीपाशी थोडे रेंगाळले, आणि त्या पानावर थांबलेच.

"ह्यां तू काढलंस?"

"नाही बाबा. मी नुसतं पाणी फिरवलं. हे थंडीने काढलं."

ते वही घेऊन बाहेर बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर उजेडात जाऊन बसले. बोट कागदाजवळ नेलं, पण टेकवलं नाही. मग म्हणाले, "थंडीक कोणी शिकयलां गो?"

इतकी वर्षं मुलांना चित्रं शिकवणारी मी, त्यांच्या शेजारी बसून ते पान पुन्हा बघू लागले.

भावाने कितीदा बोलावूनही बाबा कधी गेले नव्हते. "थंयची थंडी माका सोसाची नाय," हे ठरलेलं उत्तर. त्या संध्याकाळी त्यांनी आपण होऊन फोन लावला.

"थंय जास्त थंडी कधी असता?"

भावाला वाटलं, ते थंडी टाळायला विचारतायत. "तुम्ही जुलैमध्ये या बाबा, तेव्हा छान ऊन असतं."

"नको," बाबा म्हणाले. "मी थंडीतच येतलंय."