दोन उधाणांमधली सहल

सहल आखण्यात माझा हात धरणारं आमच्या अख्ख्या अष्टमी गावात कोणी नव्हतं. ही बढाई नाही. रोह्याच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे, आणि शाळेची सहल म्हटलं की मुख्याध्यापक सरळ माझ्याकडे बोट दाखवायचे. साठ पोरं, दोन एस. टी. गाड्या, उलट्या, हरवलेल्या चपला, सगळं सांभाळून मी ठरल्या वेळेला परत यायचे. त्यामुळे नवऱ्याच्या कंपनीने प्रवासाची रजा मंजूर केली, तेव्हा कुठे जायचं, कसं जायचं हा विषय घरात चर्चेला आलाच नाही. तो माझ्याकडे आला.

रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक, शाळेतून आणलेला भारताचा नकाशा आणि शंभर पानी वही घेऊन मी दिवाळीपासून बसले. एवढा मोठा देश, आणि मी मुलांना तो पंधरा वर्षं फळ्यावर काढून दाखवत होते. हिमालय काढताना तर खडूचा नुसता आडवा हात मारायचे. स्वतः पाहिलेला सर्वात उंच डोंगर म्हणजे आपला खंडाळ्याचा घाट. पहिल्या आराखड्यात मी दिल्ली, आग्रा, जयपूर, पुरी, कन्याकुमारी आणि मनाली अशी सगळी गावं कोंबली. नवरा वही बघून म्हणाला, "तू स्टेशनमास्तर व्हायला हवी होतीस. फक्त यात झोपायचं कधी ते लिहिलेलं नाही."

आईबाबांना सोबत न्यायचं हे मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. माझं माहेर पेणजवळ, खाडीकाठच्या एका गावात. बाबा मिठागरावर कामाला, आई तिथेच मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहणारी. मी एकुलती एक. तीस वर्षांच्या पाट्यांनी आईचे गुडघे कामातून गेले होते. पेणचे डॉक्टर म्हणाले होते, काय हिंडायचं ते आताच हिंडून घ्या, आणखी वर्षाने जिना चढणंसुद्धा जड जाईल. म्हणून मी वही घेऊन आधी तिच्याकडे गेले.

समुद्रकिनाऱ्यांची पानं तिने ऐकूनही घेतली नाहीत. "खारा पानी बगायला कन्याकुमारीला जाऊ? त्यो काय दारात येतो आपल्या." जयपूरच्या महालांनाही तिने मान हलवली. मग मी सहज सांगितलं की मनालीला डोंगरावरचा बर्फ उन्हाने वितळतो आणि नदी मे महिन्यात भरून वाहते. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"मे महिन्यात? गोरं पानी?"

"गोडं आणि बर्फासारखं गार."

आमच्या गावात मे महिना म्हणजे टँकर. चारी बाजूंनी खाडीचं पाणी, आणि प्यायच्या दोन हंड्यांसाठी बायका सकाळपासून रांगेत. आईचा जन्म त्या रांगेत गेलेला. ती म्हणाली, "ती नदी दाव मला. बाकी काय नको. पन तुझा बा आला तरच मी येन, नायतर नाय."

आईचं हे 'नायतर नाय' मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यात बदल होत नसे.

मग मी पुरी, कन्याकुमारी, जयपूर खोडून टाकलं. दोन दिवस दिल्ली, एक दिवस आग्रा, पाच दिवस मनाली. अडचण एकच होती, बाबा. आमच्या गावाची सगळी शेती आणि मिठागरं खाडी अडवून घातलेल्या मातीच्या बांधामागे आहेत. पौर्णिमेला, अमावास्येला उधाण येतं तेव्हा खाडी त्या बांधावर चढून बसते. म्हणून गावकीने पाळ्या लावलेल्या. पाडव्याला देवळात बसून वर्षाची यादी करायची, नारळ ठेवायचा, आणि प्रत्येक उधाण चार-चार घरांच्या अंगावर टाकायचं. आपल्या पाळीत आपल्या घरचं माणूस बांधावर उभं राहिलंच पाहिजे. भाड्याचा माणूस चालत नाही, शेजारी चालत नाही, आणि एकदा नारळ ठेवला की अदलाबदल नाही. मी शाळेत जायला लागायच्या आधी एका घराने पाळी चुकवली आणि त्याच दिवशी बांध फुटला. तीन वर्षं भात झालं नाही. त्या घराला गावात अजूनही आडनावाने कोणी ओळखत नाही, 'ज्यांच्या पाळीत फुटला ते' असंच म्हणतात.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून तर मी फार हुशारीने भिंतीवरचं कॅलेंडर काढून सहल बरोबर दोन उधाणांच्या मधे बसवली. पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पेणहून निघायचं आणि अमावास्येच्या आदल्या दिवशी परत. नवऱ्याने रजेचा अर्ज त्याप्रमाणे टाकला, मी ठाण्याला जाऊन रिझर्वेशन करून आले. बाबांना तारखा सांगितल्या. इंग्रजी तारखा बाबांच्या कानावरून जायच्या. त्यांचं सगळं जग तिथीवर. ते म्हणाले, "तू इचार केलास तर बरोबरच आसंल."

निघायला आठ दिवस असताना मी स्वेटर द्यायला गावी गेले. बाबा अंगणात मीठ ओढायच्या फळीला दांडा ठोकत होते. मी बोलता बोलता म्हटलं, "पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी आहे, तयार राहा."

त्यांचा हात थांबला. "पुनवच्या दुसऱ्या दिवशी? आगो, तवा तर उधानाचा जोर. बीज-तीजेला पानी सगल्यात वर. आन् हे उधान आपल्या पालीचा हाय. पुनव ते चौथ."

पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी खाडी सर्वात जास्त चढते हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोराला कळतं. मला कळत होतं. पण अष्टमीत पंधरा वर्षं नळाचं पाणी पिऊन मी पाण्याकडे बघायचं सोडलं होतं आणि कॅलेंडर बघत होते. कॅलेंडरवर पौर्णिमेचा गोल काळा-पांढरा छापलेला असतो, उधाणाचा जोर छापलेला नसतो. मला स्वतःचा इतका राग आला की मी ती वही अंगणात आपटली.

बाबा समजुतीने म्हणाले, "तुमी जावा. मी रातो."

"मंग मी पन राते," आतून आई म्हणाली. रडली वगैरे नाही. तिने नुसते स्वेटर घडी करून पुन्हा पिशवीत घातले, आणि ती घडी मला बघवेना.

तारखा सरकवता येत नव्हत्या. रजा पुन्हा मिळणार नव्हती, मे महिन्यातली तिकिटं तर मुळीच नाही. आणि आईचे गुडघे माझ्या वेळापत्रकासाठी थांबणार नव्हते. ओटीवर बसून मी पाच मिनिटं विचार केला. मग चपला घातल्या आणि देवळाकडे निघाले. बाबा मागून हाका मारत आले.

गावकीचे म्हातारे पंच देवळाच्या पायरीवर बसलेले होते. मी म्हटलं, "या उधाणाला आमच्या घरची पाळी मी करते."

ते हसले. "बाईमानूस पालीला? आन् तू तर दिल्या घरची."

मला एकदा तोंड फुटलं की थांबत नाही. "काका, बांध घालायला चिखलाच्या पाट्या कोण वाहतं? बायाच ना? तेव्हा बाईमाणूस चालतं. राहिला दिल्या घरचा प्रश्न. बाबांना दुसरं कोणी आहे का? उद्या बाबा अंथरुणाला खिळले तर त्यांची पाळी कोण करील, ते तरी सांगा."

पंच माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "बांधाला काय झाला तर बोल तुझ्या घराला लागंल. पोरीवर टाकतो?"

इथे मात्र माझं धाडस थोडं गळालं. बाबा आयुष्यात कधी एका पाळीला उशिरा गेले नव्हते, आणि ते सगळं आता माझ्या हातात द्यायचं होतं. त्यांनी बराच वेळ बांधाकडे पाहिलं. मग म्हणाले, "टाकतो. तिच्या हातून होईल." एवढंच. पंचांनी रात्रीची भरती बाकीच्या तीन घरांच्या पुरुषांवर सोपवली आणि दिवसाची माझ्यावर.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसला. "म्हणजे मी आणि तुझे आईबाबा? तेरा दिवस?" मी त्याच्या हातात शंभर पानी वही दिली. कुठे उतरायचं, कुठे खायचं, आईला कुठली गोळी कधी, सगळं त्यात होतं. माणूस भला, घेऊन गेला.

प्रतिपदेला सकाळी त्यांची गाडी पेणहून सुटली तेव्हा मी साडीचा काष्टा मारून बांधावर होते. वाईट वाटलं का? वाटलं. हेवाही वाटला. सहा महिने मी त्या डोंगरांची स्वप्नं पाहिली होती, आणि निघाला होता तो नवरा, ज्याला उत्तर दिशा कुठली तेही धड सांगता येत नव्हतं. त्यांची गाडी कुठल्या स्टेशनात असेल ते मला घड्याळ न बघता ठाऊक होतं, त्यामुळे त्रास जास्तच झाला.

बीजेला दुपारी पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबलं. मी आतल्या अंगाने चालत होते. उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या पुढे चाळीसेक पावलांवर मातीतून बोटाएवढी धार येत होती. खेकड्याचं बीळ. बाबांनी सांगून ठेवलेलं, धार नितळ असेल तर घाबरू नको, गढूळ असेल तर माती चाललीय. ही गढूळ होती. मी हाका मारल्या, पण कोणी येईपर्यंत थांबले नाही. आतून मारलेला बोळा पाणी ढकलून देतं, म्हणून पेंढ्याचा बोळा करून बाहेरच्या बाजूने, छातीभर पाण्यात उतरून, बिळाचं तोंड चाचपून काढलं आणि बोळा आत खुपसला. वर चिखल, त्यावर पुन्हा पेंढा, आणि पायाने दाबत राहिले. तिन्ही घरांचे लोक फावडी घेऊन धावत आले तोवर धार बारीक झाली होती. पाणी उतरल्यावर सगळ्यांनी मिळून तेवढा बांध खणून पुन्हा भरला. पंच स्वतः येऊन त्याच्यावर दोनदा उभे राहिले. चौथीला पाळी सुटली तेव्हा ते पारावर माझ्यासाठी जागा करून बसले.

त्यानंतरही मी माहेरीच राहिले. घराला कोणीतरी हवं होतंच, कोंबड्या होत्या, आईची सगळी कामं उरकायची होती.

अमावास्येच्या आदल्या दिवशी मी पेण स्टेशनवर गेले. बाबा डब्यातून उतरले आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाले, "पानी कुठवर आलेला?" मी वीत दाखवली. बिळाचं सांगितलं. त्यांनी बाहेरून मारलंस की आतून एवढंच विचारलं. बाहेरून म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही मी पाहिलं नव्हतं.

आई माझ्या नवऱ्याच्या हाताला धरून मागून उतरली. नाकाचं टोक उन्हाने सोललेलं, अंगात अजून स्वेटर.

"बघितलीस नदी?" मी विचारलं.

"अख्खी नदी गो, बाय. भर उन्हाल्यात. आन् कडंला एक हंडा नाय."

"प्यायलीस का पाणी?"

"पोटभर प्याली. मंग घास गिलवंना. म्हटला, पोर तिथं टँकरच्या रांगंत उबी आसंल."

उभी होते. त्या सकाळीसुद्धा दोन हंडे भरून मगच स्टेशनवर आले होते. तिला मी म्हटलं, "नाही गं, या वेळी पाणी बरं आलं," आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.