वन्संच्या निवडीचं झाड

माझ्या मोठ्या नणंदबाई मुलींच्या वसतिगृहावर रेक्टर आहेत. लग्न केलं नाही. वसतिगृह हाच त्यांचा संसार. खाटा मोजक्या, अर्ज भरमसाट. वन्सं मुलीशी चार शब्द बोलतात आणि ठरवतात. "मुलगी डोळ्यांत कळते," असं आम्हाला ऐकवतातही.

यंदा संस्थेनं हे काम कॉम्प्युटरवर टाकायचं ठरवलं. आज डबा द्यायला गेले, तर एक तरुण इंजिनिअर त्यांना पडद्यावर उलटं झाड दाखवत होता. मूळ वर, फांद्या खाली. प्रत्येक फाट्यावर एक प्रश्न, आणि शेवटी खाट मिळणार की नाही ते.

"याला डिसिजन ट्री म्हणतात. तुमचे जुने प्रवेश बघून शिकलंय."

"शिकलंय म्हणजे? समजलं त्याला?"

"नाही. तुम्ही कराल तसं करतं."

"अरे, मग नक्कल म्हण की!"

"आमच्यात त्यालाही शिकणंच म्हणतात, मॅडम."

"आणि निर्णयही तेच घेणार? मग सहीसुद्धा त्यालाच करू दे."

मला हसू आलं. वन्संना नाही. त्या पहिला प्रश्न वाचत होत्या: वडील सोबत आले होते का?

"हे कुणी घातलं?"

"कुणीच नाही. तुमच्या होकार-नकारात सगळ्यात जास्त फरक यानंच पडतोय."

देव सगळं बघतो, असं मी रोज म्हणते. कुणी त्याला दिसतं त्याचं चित्र काढून समोर ठेवेल, असं वाटलं नव्हतं.

बाहेर बाकावर एक मुलगी सकाळपासून बसून होती. नर्सिंगला नंबर लागलेला. खाट नाही मिळाली तर तो सोडून गावी परतणार. एकटीच आली होती. इंजिनिअरनं तिची माहिती भरली. झाड पहिल्याच फाट्यावर नाही म्हणालं.

"सकाळी मीही नाहीच म्हटलं," वन्सं म्हणाल्या. "चुणचुणीत वाटली नाही म्हणून. काढून टाक तो प्रश्न."

"काढतो. पण बाकीचे प्रश्नही तुमच्याच निवडीतून आलेत. उत्तर फारसं बदलणार नाही."

वन्संनी मुलीला आत बोलावलं, खोली सांगितली, अर्ज पुढे केला.

"सहीला वडील नाही येऊ शकणार," ती म्हणाली.

"तुझी कर."

ती गेल्यावर इंजिनिअर झाड पुसायला निघाला.

"राहू दे," वन्सं म्हणाल्या. "अर्ज मीच बघणार. ते समोर असू दे, माझ्यावर लक्ष ठेवायला."