साडूच्या चाकातलं लाल

आधी कॉफी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या नाकात कॉफी गेली, आणि बोलणी मला बसली!

तर मी तंजावरचा, सासुरवाडी ओरत्तनाडूची. सासऱ्यांना तीन मुली. थोरली कमला माझ्या पदरात, मधली सेतूला दिलेली, आणि धाकट्या चंपाचं लग्न ठरत होतं. सेतू म्हणजे माझा साडू. माणूस चांगला. हेच तर वाईट ना! वाईट असता तर सरळ नावं ठेवता आली असती.

तेव्हा देशात नवनव्या गाड्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. माझ्याकडे आठ वर्षांची छोटी पांढरी गाडी. दसऱ्याला सासऱ्यांकडे जमलो, आणि सेतू मद्रासहून घेतलेली लांबलचक निळी गाडी घेऊन आला. चाकं जाळीची! अख्खी गल्ली गोळा झाली. माझी गाडी शेजारीच होती, तिच्या टपावर कुणीतरी कोथिंबिरीची पिशवी ठेवली.

माझा नुसता तिळपापड झाला.

त्यात सासरे म्हणाले, "चंपाच्या जानवासमला नवरदेव कुठल्या गाडींत बसवायचा, तें साखरपुड्याला ठरवूं." जानवासम म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाची गाडीतून मिरवणूक. गाडी थोरल्या जावयाचीच हवी, नाही का? मान कुणाचा? पण सासरे बोलताना बघत होते निळ्या गाडीकडे.

मी चपलेचा पट्टा लावायचं निमित्त करून वाकलो. सेतूच्या चाकाच्या जाळीतून आत काहीतरी लालभडक चमकलं.

आता इथे माझं वाचन आडवं आलं. सलूनमधल्या एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की परदेशात शर्यतीच्या गाड्यांचे कॅलिपर रंगवतात. कॅलिपर म्हणजे ब्रेक दाबला की चाकामागच्या चकतीला दोन्ही बाजूंनी धरणारा लोखंडी जबडा. अख्ख्या ओरत्तनाडूत हे फक्त मला माहीत! म्हणजे तसा माझा समज. आणि याने रंगवलेसुद्धा?

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सेतू, चाकाच्या आंत लाल केलेंत वाटतें?"

"हो, अण्णा. वर्षांतून एकदां करावेंच लागतें."

"मेकॅनिककडे?"

"छे! घरींच. मेकॅनिकला काय कळतें त्यांतलें?"

"चारी चाकांना?"

"मग! एक सोडून कसें चालेल?"

बघा, किती सहज बोलला! त्या रात्री जेवणात सांबाराला चव नव्हती. असं बायको म्हणाली. पण मला कुठलीच चव कळत नव्हती.

घरी आल्याबरोबर चाकं काढली. कोठीत लाल एनॅमलचा अर्धा डबा होता. माट्टुपोंगल, म्हणजे आपला पोळाच म्हणा, त्याला आमच्या शेतावरच्या बैलांची शिंगं रंगवून उरलेला. दिला फासून. माझ्या गाडीला मागे कॅलिपर नाहीतच, जुन्या पद्धतीचे ब्रेकचे बंद डबे, म्हणजे ड्रम. तेही रंगवले! चारी म्हणजे चारी.

दहा दिवसांत रंगाचे पोपडे निघाले. उरला तो करपून तपकिरी झाला. मेकॅनिक सेल्वमकडे गेलो. त्याने चाकाखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही. शेवटी म्हणाला, "सार, ब्रेकनें गाडी थांबली पाहिजे. कलर एदुक्कु?" रंग कशाला, म्हणे! त्याला काय कळतंय त्यातलं?

पण एक गोष्ट त्याने सांगितली. आधी सगळं खरवडा, घासा, सुकवा, मग रंग. आणि चकतीला थेंबही लागू देऊ नका. झालं! रविवारमागून रविवार मी अंगणात पाटावर बसलेला. तारेचा ब्रश, रॉकेल, साबणाचं पाणी. तरी फटीतला गंज हटेना. मग आठवलं, आमच्या घरची पितळेची भांडी कशानं लखलखतात? चिंचेनं! कमलाची वर्षाची चिंच मी दोन कॅलिपरना चोळून संपवली.

"अहो, रसमला चिंच कुठें आहे?" ती आतून ओरडली.

"गाडीला लावली!"

त्यानंतर दोन दिवस मला रसमऐवजी नुसतं ताक वाढलं.

पण काम झक्क झालं हं! चकतीला वर्तमानपत्र गुंडाळून तीन हात दिले, प्रत्येक हात दिवसभर सुकवला. आणि माझ्या चाकांना जाळी नाही, मग आतलं दिसणार कसं? चाकांवरच्या टोप्या काढून फेकल्या. शिवाय स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी उभी केली की पुढचं चाक तिरकं होतं आणि लाल छान दिसतं. हा सराव मी आमच्या गल्लीत आठ वेळा केला.

साखरपुड्याचा दिवस. दारासमोरच चाक तिरकं करून गाडी लावली. सेतूची निळी गाडी पलीकडे. तिच्या चाकात आज लाल नव्हतं! उडाला वाटतं रंग? मला इतका आनंद झाला की सासऱ्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

"मामा, जरा हें चाक पाहा."

सासरे वाकले. चष्मा काढला, पुसला, घातला. मग सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माधवराव, खंडेनवमीचें कुंकू अजून तसेंच? दोन महिने गाडी धुतली नाहींत कां?"

खंडेनवमी! दसऱ्याचा आदला दिवस, इकडची आयुधपूजा. घरातल्या कोयत्यापासून लॉरीपर्यंत सगळ्याला कुंकू लावतात. माझ्या स्वतःच्या गाडीच्या बॉनेटला लावलेलं होतं हो!

तेवढ्यात सेतूची आई पुढे आली. "धुतली नाहीं काय म्हणतां? भक्ती आहे ती! सेतूच्या गाडीला मीं जाळींत हात घालघालून लावलें होतें, एका पावसांत वाहून गेलें. ह्यांचें पाहा, टवटवीत आहे!"

आणि तिने माझ्या चाकाला नमस्कार केला. मागोमाग आणखी चार बायकांनी केला.

आता सांगा, मी काय बोलणार होतो? की हे कुंकू नाही, हा माझा जळफळाट आहे? मीही हात जोडले.

"मग ठरलें," सासरे म्हणाले. "नवरदेव सेतूच्या गाडींत. आणि शास्त्रीबुवा माधवरावांच्या. भक्ताची गाडी!"

जानवासमला निळ्या गाडीत नवरदेव बसला, फुलांनी मढलेला. मागे मी. माझ्या गाडीत तीन शास्त्री, समिधांचा भारा आणि केळ्यांचा घड. घड पुढच्या सीटवर होता.

लग्नानंतर आठवड्याने सेतू एकटाच माझ्या घरी आला. बराच वेळ चुळबुळ केली.

"अण्णा, रागावूं नका. कुंकवांत तुम्हीं काय मिसळतां? अम्मा रोज ऐकवते, अण्णांचें दोन महिने टिकलें, तुझें दोन दिवस नाहीं!"

तो चेहरा मी लगेच ओळखला. दोन महिने दाढी करताना आरशात तोच बघत होतो. सेतू माझ्यावर जळत होता! माझ्यावर! मी पाठ ताठ केली, घसा खाकरला आणि म्हणालो, "सेतू, त्याला मुळांत श्रद्धा..."

एवढ्यात कमला कॉफी घेऊन बाहेर आली. चिंच ती विसरली नव्हती.

"कांहीं मिसळत नाहींत, सेतूराव," ती म्हणाली. "बैलांचा रंग आहे तो. बैलालाच टिकतो."