स्वयंपाकघरापासून सात पायऱ्या

अलास्कातल्या पीटर्सबर्गच्या धक्क्यावर कोणालाही विचारा, व्हर्ना कोण? सांगतील, सिग्ने बोटीवरची स्वयंपाकीण. एकतिसाव्या वर्षी ती त्या बोटीच्या स्वयंपाकघरात शिरली, ती अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत तिथेच. स्वयंपाकघरातून वर सुकाणूघरात सात लाकडी पायऱ्या जातात. कॉफी घेऊन त्या पायऱ्या ती रोज दहा वेळा चढायची. कॉफीशिवाय चढायला मात्र तिला सत्तावीस वर्षं लागली.

ती मूळची वरच्या किनाऱ्यावरच्या याकुटातची, तिथल्या मूळ रहिवासी क्लिंगिट लोकांतली. वडील नदीच्या मुखाशी जाळी लावायचे, आणि पोरांना वाढवलं आजीने. आजी तोंडाने महाफटकळ. गावच्या पाद्र्यालाही तिने सोडलं नव्हतं. पण हिमनदीचा विषय निघाला की तिचा आवाज खाली यायचा. हिमनदीला ऐकू येतं, तिला वास येतो, तिच्यासमोर बढाया मारायच्या नाहीत आणि चरबी तर बिलकूल तळायची नाही, तो वास तिला खपत नाही, असं आजीचं सांगणं होतं. का, असं विचारलं तर आजी म्हणायची, "तुझ्या दारात येऊन कोणी घाण केली तर तुला चालेल का?" एवढ्यावर विषय संपायचा.

एकोणिसाव्या वर्षी व्हर्ना पीटर्सबर्गला मासळीच्या कारखान्यात कामाला आली. रबरी बूट घालून दिवसाचे चौदा तास सामन मासा साफ करायचा, आणि हसायचं. ती हसायची ते पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जायचं. त्या हसण्याच्या मागावरच डेल्बर्ट आला. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, पण स्वतः बोटीत बसला की त्याच्या पोटात ढवळतं, त्यामुळे गडी आयुष्यभर धक्क्यावरून हात हलवत आलाय. आमच्या गावात अशी जोडी दुसरी नाही.

सिग्ने कप्तान आयव्हरची. त्याच्या आजोबांनी ती हॅलिबट मासे धरायला बांधली आणि आजीचं नाव दिलं. पुढे आयव्हरने तिच्यात बारा पाहुण्यांची सोय केली. आठ दिवसांची फेरी, देवमासे, अस्वलं, गरुड, आणि शेवटच्या दिवशी लकाँट खाडीतली हिमनदी. एका सकाळी व्हर्ना भाजलेले मासे पोचवायला बोटीवर गेली, तर कालच स्वयंपाकी पळालेला, आणि आयव्हर बारा उपाशी माणसांसमोर ओटची लापशी करपवत उभा. तिने काही न बोलता त्याच्या हातातला डाव काढून घेतला. तो डाव मग परत द्यायचा राहून गेला.

दोघांचं जमलं म्हणजे कसं, तर सासूसुनेसारखं. आयव्हर नॉर्वेवाल्यांचा नातू. बोटीवर केळं आणलं की घात होतो, यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. धक्क्यावर पाहुण्यांच्या पिशव्या तपासून केळी काढून घ्यायचा.

"आयव्हर, केळ्याने बोट बुडते? साल घसरून?" व्हर्ना विचारायची.

"तू गप. तुझी हिमनदी नाक मुरडते ते चालतं आणि माझं केळं चालत नाही?"

"हिमनदी खरीच आहे. समोर दिसते. तुझं केळं काय करतं ते दाखव."

पण केळी ती कधीच चढू द्यायची नाही, आणि लकाँटच्या दिवशी बोटीवर काही तळलं जायचं नाही. त्या दिवशी नाश्त्याला लापशी, उकडलेली अंडी आणि पाव. पाहुणे कुरकुरायचे. आयव्हर मान खाली घालून अंडी सोलायचा. सत्तावीस वर्षं त्याने ही चाल पाळली म्हणजे काय, तर तिने पाळली आणि त्याने समोर आलं ते खाल्लं. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी होती, पण तेव्हा कोणाच्याच ध्यानात आली नाही.

स्वयंपाकघराला खिडकी एकच, डाव्या हाताला. त्यामुळे व्हर्नाने सारा किनारा अर्धा अर्धा पाहिला: वर जाताना एक बाजू, परतताना दुसरी. बटाटे सोलता सोलता तिला खडक पाठ झाले. कुठल्या वळणावर ओहोटी तिरकी ओढते ते तिला कपाटाच्या दारावरून कळायचं, कारण त्या जागी ते नेमकं उघडायचं. मोकळ्या पाण्यात आयव्हर डुलकी काढायचा तेव्हा सुकाणू तिच्या हातात असायचं. हळूहळू ती डुलकी लांबत गेली. कॉफी गार व्हायची आणि दोघंही तसं बोलून दाखवायची नाहीत.

मग पंचावन्नाव्या वर्षी तिने कप्तानाच्या परवान्याची पुस्तकं मागवली. तीन हिवाळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिवे, भोंगे, नकाशे. पहिल्यांदा परीक्षेत नापास झाली. डेल्बर्टने समजूत घालायला केक आणला. तिने केक खाल्ला, हात पुसले आणि पुस्तक पुन्हा उघडलं. दुसऱ्यांदा पास झाली तेव्हा तिने कागद आयव्हरसमोर ठेवला, आणि आयव्हरने चष्मा शोधायला उगाच बराच वेळ लावला.

कारण त्याचंही एक ठरत आलं होतं. वय एकाहत्तर, गुडघे गेलेले, डोळे चाललेले. पुढल्या वर्षी त्याच्या परवान्यावर डॉक्टर सही करणार नव्हता. सिएटलचा एक माणूस सिग्ने विकत घ्यायला टपला होता. बोट कायमची धक्क्याला बांधून तिच्यावर खानावळ काढायचा त्याचा बेत होता.

"खानावळ!" व्हर्ना म्हणाली. "तुझ्या आजीच्या पोटात खुर्च्या मांडणार?"

"मग काय करू? चालवणार कोण?"

तिने परवान्याच्या कागदावर बोट टेकवलं.

आयव्हरने कागद उचलून पुन्हा वाचला. मग म्हणाला, "ठीक आहे. शेवटची फेरी. लकाँटमध्ये बर्फातून आत न्यायची आणि बाहेर आणायची. मी खाली. मला त्या सात पायऱ्या एकदा जरी चढून यावं लागलं, तर बोट सिएटलला. नाही आलो, तर तुझी."

"आणि जेवण?"

"जेवण मी बघतो."

"पाहुण्यांनी काय पाप केलंय?" व्हर्ना म्हणाली, आणि मग दोघंही हसली. पण घरी गेल्यावर तिने डेल्बर्टला सांगितलं की तिला भीती वाटते. बर्फाची नाही. आयव्हर प्रेमाने वर येईल याची. सत्तावीस वर्षांत त्या माणसाला गप्प बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

लकाँटचा दिवस उजाडला तो लख्ख. पाणी हिरवट दुधाळ, आणि खाडीच्या तोंडापासून बर्फाचे तुकडे, काही टोपलीएवढे, काही घराएवढे. व्हर्नाने इंजिन मंद केलं. दोन्ही बाजूंच्या खिडक्या! तिला या खाडीत पहिल्यांदा उजवीकडचा कडा आणि डावीकडचा कडा एकदम दिसत होता, आणि ती स्वतःशीच हसत सुटली. वळणावर हिमनदी दिसली तेव्हा तिने आजीसारखा आवाज खाली आणला आणि म्हणाली, "आलो आम्ही. फार वेळ नाही बसत. जरा बघतो आणि जातो."

खाली आयव्हर भांडी आपटत होता. मिस पर्डी, नेब्रास्काच्या निवृत्त मास्तरीणबाई, तिसऱ्यांदा आल्या होत्या. त्या वर येऊन दारातून म्हणाल्या, "व्हर्ना, तुमच्या कप्तानांनी पीठ केसांपर्यंत नेलंय. मला आत येऊ देत नाहीत. काहीतरी गुपित चाललंय."

"खाऊ नका म्हणजे झालं," व्हर्ना म्हणाली.

सील माद्या पिलांना घेऊन बर्फावर पहुडल्या होत्या. त्यांना वळसा घालत, कधी तुकड्याला नाकाने हळूच बाजूला सारत, तिने सिग्नेला आत आणलं आणि हिमनदीच्या निळ्या भिंतीपासून अर्ध्या मैलावर इंजिन जवळजवळ थांबवलं. डेकवर पाहुणे कॅमेरे रोखून उभे. तिला वाटलं, झालं, अर्धं काम झालं. छाती भरून तिने श्वास घेतला आणि त्या श्वासाबरोबर वास आला.

तळणाचा. कढत तेलाचा.

पहिल्यांदा ती रागावली. अरे म्हाताऱ्या, आज? इथे? मग तिला कळलं की काय तळलं जातंय. मैद्याच्या जाड पुऱ्या, तिच्या माहेरी सणाला करतात तशा. तिचा जीव की प्राण. हिवाळाभर मुक्कामाला आलेली तिची बहीण आयव्हरचे फोन घेऊन दुसऱ्या खोलीत का जायची, तेही आत्ता कळलं. तो तिच्यासाठी शिकला होता. सत्तावीस वर्षांत स्वयंपाकघराची चाल त्याने कधी हाताने पाळलीच नव्हती, त्यामुळे हाताला ती ठाऊक नव्हती. तिचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी समोरच्या सगळ्या सील बर्फावरून एकदम पाण्यात घसरल्या.

सील एकदम पळाल्या म्हणजे काय, ते आमच्याकडे कोणालाही कळतं. लकाँट वरून कोसळते तशी पाण्याखालूनही तुटते. खालचा तुकडा सुटला की वर उसळी मारतो. कुठून येईल ते सांगून येत नाही, आणि आला की लाट येते.

उसळी पाव मैलावर आली. काळानिळा बर्फ, बोटीच्या दुप्पट उंच, पाण्यातून उभा राहिला आणि कलंडला. पाहुणे ओरडले, आनंदाने. लाट निघाली होती आणि सिग्ने तिला आडवी होती. व्हर्नाने सुकाणू पूर्ण फिरवलं, इंजिनाला जोर दिला. बोट वळायला लागली. वळेल, हे तिला माहीत होतं. पण खाली एक म्हातारा उघड्या कढईत तेल तापवून उभा होता. आजीला हिमनदीचा मान ठाऊक होता की कढत तेलाचा स्वभाव, कोण जाणे. व्हर्नाला तेवढ्यात दोन्ही समजले.

सुकाणू सोडून खाली जाता येत नव्हतं. हाक मारली तर तो वर धावत येणार, गुडघ्यांसकट, तेल तसंच टाकून. तिने भोंग्याचा माइक ओढला. पुढचे शब्द साऱ्या बोटीने ऐकले.

"आयव्हर! गॅस बंद कर! कढईवर झाकण घाल आणि जमिनीवर बस! वर यायचं नाही! ऐकलंस? कप्तान सांगतेय, वर यायचं नाही! पाहुण्यांनो, कठडा घट्ट धरा!"

सिग्नेचं नाक लाटेकडे आलं ते अगदी वेळेवर. बोट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. बर्फाचे तुकडे दोन्ही अंगांना खडखडले आणि मागे गेले. एका पाहुण्याची टोपी गेली. वर सगळे टाळ्या वाजवत होते, जणू व्हर्नाने तो देखावा पैसे घेऊन घडवला होता. खाली काय झालं ते नंतर मिस पर्डींनी सांगितलं, लाट आली तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारातच होत्या. आयव्हरने झाकण घातलं, गॅस बंद केला, टेबलाचा पाय कवटाळून जमिनीवर बसला आणि म्हणाला, "बाई, मला सत्तावीस वर्षं तिची हीच भीती वाटत आली."

"कसली?"

"की ती माझ्यापेक्षा चांगली आहे."

तेलाचा थेंब कुठे उडाला नव्हता. तयार झालेल्या तीन पुऱ्या मात्र कोपऱ्यातल्या बादलीत सापडल्या.

व्हर्नाने बोट हळूहळू बाहेरच्या दिशेला वळवली. पुढे बर्फ दाट होता. तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. एक. थांबून दुसरी. आयव्हरचे गुडघे तिला आवाजावरून ओळखू येत होते. संपलं, तिला वाटलं. म्हाताऱ्याला राहवलं नाही. आला वर.

सहाव्या पायरीवर पावलं थांबली.

त्या बोटीवर कप्तानाला विचारल्याशिवाय सुकाणूघरात कोणी पाऊल ठेवत नाही. पाहुणेसुद्धा विचारतात. आयव्हरला जन्मात कोणाला विचारायची वेळ आली नव्हती. तो कोपरापर्यंत पिठाने माखलेला उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"कप्तान," तो म्हणाला, "वर येऊ का?"

व्हर्नाला रडू आलं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच वाहू दिलं. समोरच्या दोन मोठ्या तुकड्यांमधली फट तिने नजरेने मोजली, आणि मागे न बघता म्हणाली, "थांब जरा. बर्फातून बाहेर पडू दे. मग ये."

"बरं," आयव्हर म्हणाला, आणि भिंतीला टेकून तिथेच सहाव्या पायरीवर बसला. खाडीच्या तोंडापर्यंत पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात त्याने एकदाही विचारलं नाही, किती राहिलं.